ग्राफीनची पकड

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत मालनपूरची औद्योगिक वसाहत येते. तिथल्या एसआरएफच्या कारखान्यात टायरसाठी लागणारं नायलॉनच्या दोराचं कापड तयार होतं. मालाने भरलेल्या टेंपोचा भार नुसतं रबर पेलत नाही; रबराच्या पोटात थरांनी बसवलेला असा दोर तो पेलतो. पण नायलॉन आणि रबर यांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही. कोरा दोर तसाच रबरात बसवला, तर टायर फिरता फिरता आतल्या आत सुटा होतो आणि रबर त्याच्यावरून सरकू लागतं. म्हणून टायर कॉर्डच्या धंद्यात दोर रबरात जाण्याआधी एका द्रावणातून बुडवून काढतात. रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि रबराचं लॅटेक्स यांचं ते मिश्रण असतं. मग दोर ताणून भट्टीत तापवला जातो. त्यावर जो पातळसा लेप बसतो, त्याची एक बाजू नायलॉनला धरते आणि दुसरी रबराला. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत ही युक्ती निघाली, तीही आधी रेयॉनच्या दोरासाठी.

ग्वाल्हेरला लागून असलेलं लष्कर हे शहर दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलं. त्या लष्करातल्या दौलतगंजच्या बाजारात माल उतरवणाऱ्या गाड्यांची चाकं अशाच एखाद्या लेपाच्या भरवशावर धावतात. तो लेप कुणाला दिसत नाही आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. गेली वीसेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा ग्राफीन नावाच्या पदार्थासाठी असाच एक लेप शोधत आहेत. फरक एवढाच, की तिथे तो दोरावर चढवायचा नसून कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पत्र्यावर चढवायचा आहे.

ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पत्र्यांची चळत. दोन पत्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे तीस लाख पत्रे बसतात. यातला एकटा पत्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर पुन्हा पुन्हा सोलत तो वेगळा केला आणि २००४ साली त्याचे गुणधर्म जगापुढे मांडले. २०१० साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मधल्या काळात, २००८ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या पत्र्याला अतिसूक्ष्म टोकाने दाबून त्याची ताकद मोजली गेली. ताठपणा सुमारे १००० गिगापास्कल निघाला, पोलादाच्या पाचपट. तुटेपर्यंत सोसलेला ताण होता सुमारे १३० गिगापास्कल. एवढ्या बळाचा पदार्थ तोवर कुणी मोजला नव्हता.

साहजिकच पुढचा विचार अनेकांच्या मनात एकदमच आला. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त असतं, हव्या त्या आकारात ओतता येतं, पण लेचंपेचं असतं. त्यात चिमूटभर ग्राफीन मिसळलं तर?

मिसळून पाहिलं. बहुतेक वेळा निराशाच पदरी पडली, आणि त्याची कारणं ग्राफीनच्या गुणांतच दडलेली होती. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटं केलं तर दोन्ही बाजू धरून त्याचं पृष्ठफळ २६३० चौरस मीटर भरतं. कबड्डीची वीस मैदानं अंथरता येतील एवढं. हा सगळा पृष्ठभाग प्लास्टिकला चिकटला असता तर काय हवं होतं! पण ग्राफीनच्या पत्र्यांना प्लास्टिकपेक्षा एकमेकांची ओढ जास्त. वितळलेल्या पॉलिप्रोपिलीनमध्ये किंवा इपॉक्सीत ते टाकले की ते पुन्हा एकमेकांवर जाऊन बसतात, गुठळ्या होतात, आणि पाहता पाहता ग्राफीनचं परत ग्राफाइट होतं. अशी गुठळी प्लास्टिकला बळ देत नाही. उलट ओढताना तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरी अडचण निसरडेपणाची. ग्राफाइटची पूड वंगण म्हणून वापरतात ती त्याचे पत्रे एकमेकांवरून सहज सरकतात म्हणूनच. पत्र्यावर सगळीकडे कार्बनचे षट्कोन. प्रत्येक अणूचे हात शेजाऱ्यांच्या हातात गुंतलेले. बाहेरच्या रेणूला धरायला एकही हात मोकळा नाही, असेल तर तो कडेला. मग प्लास्टिकची साखळी अशा पत्र्याला धरणार कशी? मालनपूरच्या दोराचा पेच इथे अणूंच्या पातळीवर पुन्हा उभा राहतो. ताकद पत्र्यात आहे, पण ती वापरात येणार की नाही हे पत्रा आणि प्लास्टिक यांच्या सांध्यावर ठरतं.

या सांध्यासाठी पत्र्यावर रासायनिक मुठी बसवाव्या लागतात. त्याचा सर्वांत रुळलेला मार्ग ग्राफीनच्या शोधापेक्षा खूप जुना आहे. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५९ साली ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि धुमसणाऱ्या नायट्रिक ॲसिडचा मारा करून ऑक्सिजनयुक्त ग्राफाइट मिळवलं होतं. पद्धत वेळखाऊ आणि स्फोटक होती. पुढे १९५८ साली पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफेमन यांनी जी कृती दिली, तीच थोड्याफार फरकाने आज भारतातल्या प्रयोगशाळांतही चालते.

ती कृती जवळून पाहण्यासारखी आहे. १०० ग्रॅम ग्राफाइटची पूड, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि २.३ लिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड एका मोठ्या भांड्यात, आणि भांडं बर्फात. मग ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, विहिरीच्या पाण्यात टाकतात तेच, पण इथे चिमटीचिमटीने, ढवळत ढवळत. तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. घाई केली तर परमँगनेट आणि ॲसिड मिळून मँगनीज हेप्टॉक्साइड नावाचं हिरवट तेलकट रसायन साचतं आणि ते ५५ अंशांच्या पुढे भडकतं. सगळं परमँगनेट गेलं की बर्फ काढून मिश्रण ३५ अंशांवर अर्धा तास ठेवायचं. ते घट्ट होत जातं, खळीसारखं, रंग तपकिरी-करडा. आता त्यात सावकाश पाणी. भांडं खळखळून उठतं, तापमान ९८ अंशांवर जातं. पंधरा मिनिटांनी आणखी पाणी आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड. त्या क्षणी फेसासह सगळं मिश्रण लख्ख पिवळं होतं. ज्याने सकाळी काळीकुळकुळीत पूड तोलून घेतली, त्याला दुपारी हा रंग पाहून नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

खरा कस लागतो तो यानंतरच्या धुण्यात. जसजसं ॲसिड निघून जातं तसतसा हा पदार्थ पाणी पिऊन फुगतो, त्याची जेली होते, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फिरवूनही ती खाली बसायचं नाव घेत नाही.

हे ग्राफीन ऑक्साइड. पत्र्याच्या दोन्ही अंगांवर आता ऑक्सिजनचे गट बसलेले असतात, कडांवर कार्बोक्सिल गट असतात. ढोबळ मानाने दर दोन कार्बनमागे एक ऑक्सिजन. पत्र्यांमधलं अंतर दुपटीहून जास्त झालेलं असतं. पाण्यात ते सहज सुटं होतं. मूठ तयार झाली.

पण तिची किंमत जबर आहे. ऑक्सिजनला हात द्यायचा म्हणजे कार्बनला शेजाऱ्याचा हात सोडावा लागतो. षट्कोनांची अखंड जाळी ठिकठिकाणी मोडते. वीज वाहून नेण्यात तांब्याशी स्पर्धा करणारा पदार्थ जवळजवळ विद्युतरोधक होतो. ताठपणाही १००० गिगापास्कलवरून सुमारे २०० वर येतो. म्हणजे प्लास्टिकशी सोयरीक जुळवण्यासाठी ग्राफीनने आपलं निम्म्याहून अधिक धन देऊन टाकलेलं असतं. या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: पकड हवी तेवढी यावी आणि पत्रा मात्र कमीत कमी बिघडावा, हे कसं साधायचं?

एक वाट अशी, की आधी मुठी बसवायच्या, काम साधून घ्यायचं आणि मग त्या काढून टाकायच्या. ग्वाल्हेरच्या उद्योगाला ही चाल अनोळखी नाही. ग्रासिम या नावातला ‘ग्रा’ ग्वाल्हेर रेयॉनचा. १९४७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने पुढे उज्जैन जिल्ह्यातल्या नागद्याला व्हिस्कोस धाग्याचा मोठा कारखाना उभा केला. लाकडाचा लगदा म्हणजे सेल्युलोज. ते पाण्यात विरघळत नाही, तापवून वितळतही नाही. व्हिस्कोसच्या कृतीत कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून त्याच्या साखळीवर तात्पुरता गट बसवतात. आता ते विरघळतं, बारीक छिद्रांतून त्याचा धागा काढता येतो, आणि तो ॲसिडच्या हौदात पडताच बसवलेला गट सुटून पुन्हा सेल्युलोज मिळतं. ग्राफीन ऑक्साइडचंही तसंच करतात. पाण्यात किंवा द्रावकात ते पसरवायचं, प्लास्टिकमध्ये एकजीव करायचं, आणि मग हायड्रॅझिन, क जीवनसत्त्व किंवा नुसती उष्णता वापरून ऑक्सिजन घालवायचा. सेल्युलोज मात्र होतं तसं परत मिळतं. ग्राफीनच्या जाळीला पडलेली भोकं सगळी बुजत नाहीत. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, कारखान्यात नाही.

तरीही या वाटेने जे साधलं ते डोळे दिपवणारं होतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००६ साली ग्राफाइट ऑक्साइडला फेनिल आयसोसायनेट जोडलं. त्यामुळे ते पॉलिस्टायरीन ज्या द्रावकात विरघळतं त्याच द्रावकात पसरू लागलं. मग त्यातला ऑक्सिजन काढला. पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोल ज्याचा करतात तो पक्का विद्युतरोधक. त्यात ग्राफीन आकारमानाच्या अवघ्या ०.१ टक्का पडताच विजेला वाट मिळू लागली. पत्रे इतके पातळ आणि इतके रुंद, की एवढ्याशा प्रमाणातही ते एकमेकांना टेकून आरपार जाळं विणतात.

कुठल्या प्लास्टिकला कुठली मूठ, हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं. इपॉक्सीला अमाइन गट मानवतात, कारण हार्डनरमध्येही तेच असतात. पत्रा मग इपॉक्सीच्या जाळ्याचाच एक धागा होतो. पॉलिप्रोपिलीन तेलकट स्वभावाचं, त्याला ऑक्सिजनची ॲलर्जीच. तिथे पत्र्यावर अठरा कार्बनची लांब शेपूट असलेलं ऑक्टाडेसिलअमाइन बसवतात किंवा मलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन मध्यस्थ म्हणून घालतात. काचेच्या तंतूंवर वर्षानुवर्षं वापरले जाणारे सिलेन इथेही चालतात. जाळी मुळीच मोडायची नसेल तर पायरीनसारखे चपटे रेणू पत्र्यावर नुसते टेकवून ठेवायचे. ती पकड सौम्य, पण पत्रा शाबूत.

नायलॉनचा प्रयोग तर मालनपूरच्या कुणालाही आपला वाटावा असा आहे. नायलॉन-६ कॅप्रोलॅक्टमपासून बनतं. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या झेन शू आणि चाओ गाओ यांनी २०१० साली ग्राफीन ऑक्साइड थेट कॅप्रोलॅक्टममध्ये पसरवलं आणि तिथेच नायलॉन घडवलं. पत्र्यावरच्या कार्बोक्सिल गटांपासूनच नायलॉनच्या साखळ्या वाढल्या, आणि त्याच उष्णतेत पत्र्यावरचा जादा ऑक्सिजनही बराचसा निघून गेला. चिकटवणं आणि दुरुस्ती एकाच भट्टीत! वजनाच्या ०.१ टक्का ग्राफीनने धाग्याची ओढ सोसण्याची ताकद दुपटीच्या वर गेली.

मुंबई आयआयटीत शिकलेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक असलेले निखिल कोरटकर यांच्या गटाचे २००९ सालचे आकडे या विषयात वारंवार सांगितले जातात. ग्राफाइट ऑक्साइड झटक्यात तापवून सुटे केलेले पत्रे त्यांनी इपॉक्सीत वजनाच्या ०.१ टक्का घातले. ताठपणा ३१ टक्क्यांनी, ताकद ४० टक्क्यांनी आणि तडा रोखण्याची क्षमता ५३ टक्क्यांनी वाढली. तेवढ्याच कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घातल्यावर मिळालेली वाढ याच्या निम्मीही नव्हती. या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. इपॉक्सीचा ताठपणा सुमारे ३ गिगापास्कल. त्यात ३१ टक्के म्हणजे जवळपास एका गिगापास्कलची भर. वजनाचा ०.१ टक्का म्हणजे आकारमानाचा फार तर ०.०५ टक्का. १००० गिगापास्कलचा पत्रा पूर्ण क्षमतेने राबला तरी साध्या हिशेबाने अर्ध्या गिगापास्कलच्या आसपासच भर पडायला हवी. मग उरलेली आली कुठून? उत्तर पत्र्याच्या भोवती असावं. सुरकुतलेल्या, ऑक्सिजनचे गट उरलेल्या त्या पत्र्याने आजूबाजूच्या इपॉक्सीलाही आवळून धरलं आणि तिची हालचाल रोखली, असं मानायला जागा आहे. सांधा ही नुसती रेषा नसून तो एक जाड पट्टा असतो, हे इथे कळतं.

हा सांधा खरोखर भार उचलतो की नाही, ते पाहण्याची रीत भारतीय वाचकाला सुखावणारी आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेला प्रकाशाचा परिणाम इथे कामी येतो. ग्राफीनवर लेसर टाकला की परतलेल्या प्रकाशात एक ठळक रेघ मिळते आणि पत्रा ताणला गेला की ती सरकते. प्लास्टिक ओढायचं आणि रेघ पाहायची. रेघ सरकली तर भार पत्र्यापर्यंत पोचला. जागची हलली नाही तर प्लास्टिक नुसतंच वरून घसरलं. मँचेस्टरच्या रॉबर्ट यंग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याच पद्धतीने दाखवलं, की कोऱ्या ग्राफीनला भार नीट उचलायचा तर पत्रा निदान ३० मायक्रोमीटर रुंद हवा. बाजारात मिळणारे बहुतेक पत्रे याहून पुष्कळ लहान असतात. लहान पत्र्याकडून काम करून घ्यायचं तर पकड वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणून रसायनशास्त्र टळत नाही.

ग्वाल्हेरला कार्बन आणि पॉलिमर यांच्या सांध्याची एक वेगळी ओळख आहे. जिवाजीराव शिंद्यांच्या काळात १९४७ साली इथे जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ पासून डीआरडीई या नावाने ओळखली जाते. विषारी रासायनिक अस्त्रांपासून जवानाला वाचवणारे पोशाख हे या संस्थेचं नावाजलेलं काम. अशा पोशाखाच्या आतल्या थरात सक्रिय कार्बन असतो. तो कापडाला घट्ट चिकटला पाहिजे, पण चिकटवणाऱ्या पॉलिमरने त्याची सूक्ष्म छिद्रं बुजली तर विष शोषणार कोण? पकड हवी आणि कार्बनचा गुणही राहायला हवा, हा तोच पेच. शहरात १९५७ पासूनचं माधव इन्स्टिट्यूट आहे, तिथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. मराठी बोलीचा वावर असलेल्या बैतूल जिल्ह्यात ग्राफाइटचे साठे आहेत. भोपाळजवळच्या मंडीदीपला ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडच्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक आहे. खनिज, कार्बनचा अनुभव, नायलॉनचा उद्योग आणि शिकलेली मुलं, सगळं एका रात्रीच्या प्रवासाच्या टापूत आहे. हे सारे एका टेबलाशी बसले पाहिजेत.

बाजारात हा माल आला नाही असं नाही. फोर्ड कंपनीने २०१८ च्या अखेरीस गाडीच्या बॉनेटखालच्या फोमच्या भागांत ग्राफीन घालायला सुरुवात केली. प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आवाज १७ टक्क्यांनी घटला आणि उष्णता सोसण्याची क्षमता ३० टक्क्यांनी वाढली, असं कंपनीने जाहीर केलं. टेनिसच्या रॅकेटी, सायकलचे टायर, डोंगरात पळण्याचे बूट यांतही ग्राफीन गेलं.

पण बाटलीवर ग्राफीन लिहिलं म्हणून आत ग्राफीन असेलच, असं नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात अंतोनियो कास्त्रो नेतो यांच्या गटाने जगभरच्या ६० कंपन्यांचे नमुने तपासले आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी होतं, आणि ५० टक्क्यांच्या वर एकही गेला नाही. उरलेली बारीक केलेली ग्राफाइटची पूडच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दहा थरांपर्यंतच्या पत्र्याला ग्राफीनच्या कुटुंबात जागा मिळते, त्यापुढे नाही. तेव्हा मास्टरबॅच, म्हणजे ग्राफीन मिसळलेले प्लास्टिकचे दाणे, घेणाऱ्या लहान उद्योजकाने विक्रेत्याकडे चार गोष्टींचा लेखी दाखला मागायलाच हवा: थर किती, पत्र्याची रुंदी किती, कार्बनला ऑक्सिजनचं प्रमाण काय, आणि पृष्ठफळ किती. शेवटचा आकडा २६३० च्या जवळपासही नसतो. तो ५० आहे की ५००, यावर सौद्याचा भाव ठरावा.

एक हिशेब उरतो, तो ॲसिडचा. हमर्सच्या मूळ कृतीप्रमाणे एक किलो ग्राफाइटमागे २३ लिटर सल्फ्युरिक ॲसिड आणि ३ किलो परमँगनेट लागतं, आणि धुण्याचं आम्लयुक्त, मँगनीज मिसळलेलं पाणी याच्या कितीतरी पट. चंबळच्या खोऱ्यात, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ असते, तिथे असा कारखाना जसाच्या तसा उभा करणं कुणाला परवडणार नाही. २०१० साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कृतीतून सोडियम नायट्रेट काढून फॉस्फरिक ॲसिड आणलं. नायट्रेटमुळे निघणारा विषारी वायू टळला, पण ॲसिडचा डोंगर राहिलाच. त्याहून आशेची वाट दक्षिण कोरियातल्या जोंग-बोम बेक यांच्या गटाने २०१२ साली दाखवली. ग्राफाइट आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, पोलादी गोळ्यांच्या गिरणीत एकत्र दळायचा. दळताना पत्र्यांच्या कडा तुटतात, आणि तुटल्या तुटल्या त्या कार्बन डायऑक्साइडला धरतात. कडेला कार्बोक्सिल गट बसतात, मधली जाळी जवळपास अखंड राहते, आणि हौदभर ॲसिड लागत नाही. अशा गिरण्या सिरॅमिकच्या धंद्यात सर्रास वापरल्या जातात, आणि कोरडा बर्फही कारखान्यांना मिळण्यासारखा आहे.